रॅम वाढवावी की नाही?

कॉम्प्युटर संथ झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: रॅम वाढव. सल्ला देणारा कधी मित्र असतो, कधी क्लासमधले सर, कधी दुरुस्तीवाला. आणि मशीनमध्ये नेमकं काय अडलंय हे त्यांच्यापैकी कुणीच बहुधा पाहिलेलं नसतं. हैदराबादेत हा सल्ला माणसाला सिकंदराबादच्या पार्कलेनमध्ये घेऊन जातो. तिथल्या चिनॉय ट्रेड सेंटरला सगळं शहर ‘सीटीसी’ म्हणून ओळखतं. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली, तसं हैदराबादला सीटीसी. पॅराडाइज मेट्रो स्टेशनवरून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मजल्यामजल्यावर दुकानं, काउंटरवर उघडे पडलेले लॅपटॉप, आणि काचेखाली मांडलेल्या हिरव्या-काळ्या रॅमच्या पट्ट्या.

या प्रश्नाचा आढावा हैदराबादच्या निमित्ताने घ्यावासा वाटतो, याला कारण आहे. अमीरपेटमध्ये, मैत्रीवनम आणि आदित्य एन्क्लेव्हच्या परिसरात जावा, सॅप, डेटा सायन्स, टेस्टिंग शिकवणाऱ्या क्लासेसच्या पाट्यांनी भिंती भरलेल्या आहेत. तिथे शिकायला नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडची मराठी मुलं मोठ्या संख्येने येतात; देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद गाठायचं आणि अमीरपेटच्या हॉस्टेलात खाट घ्यायची. पाठीवरच्या बॅगेत बऱ्याचदा मोठ्या भावाचा जुना किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप असतो. त्या लॅपटॉपवर क्लासमधलं सॉफ्टवेअर चालेना की घरी फोन जातो, आणि घरी पैसा सोयाबीन विकलं की येतो. रॅमच्या एका पट्टीचा निर्णय इथे चैनीचा नसतो. तो चुकला तर महिन्याच्या मेसचं बिल अडतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रॅम कमी पडतेय हे मोजून दिसल्याशिवाय तिच्यावर रुपया खर्च करू नये. आणि ते दिसलं, मशीनही धडधाकट असलं, तर मग टाळाटाळ करू नये. वाईट फसतात ते मधले लोक, अंदाजाने पट्टी विकत घेणारे.

आधी रॅम करते काय, ते थोडक्यात. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि त्याला जोडलेला एक सूक्ष्म कपॅसिटर एवढ्यात एक बिट साठवता येईल. १९६८ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली, तिच्यात १०२४ बिट मावत. आजच्या आठ जीबीच्या पट्टीत सुमारे ६,८७० कोटी बिट असतात. या कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं. कायमचं जे ठेवायचं ते डिस्कवर, आणि या क्षणी ज्यावर काम चाललंय ते रॅममध्ये, अशी ही वाटणी आहे.

रॅम भरली तर कॉम्प्युटर बंद पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधला कमी वापरातला भाग डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. संथपणा शिरतो तो या ये-जा करण्यात. रॅममधून एखादी गोष्ट मिळवायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. साध्या एसएसडीला त्याच्या हजारपट वेळ लागतो, आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला लाखपट. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने एसएसडीला सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त. या तीन आकड्यांत बहुतेक उत्तर दडलेलं आहे. रॅम कमी पडण्याचा त्रास किती होईल हे रॅम सांडते कुठे, यावर ठरतं. म्हणून रॅमचा प्रश्न डिस्कच्या प्रश्नापासून वेगळा काढून सोडवताच येत नाही.

आता मोजणी. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’. इथे लोक पहिली चूक करतात ती टक्केवारी पाहून. ऐंशी टक्के भरलेली दिसली की घाबरतात. पण रॅम भरलेली असणं हा दोष नव्हे. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्ही मोकळी रॅम पडून राहू देत नाहीत. पूर्वी उघडलेल्या फायली तिच्यात जपून ठेवतात आणि कुणाला जागा लागली की तेवढी लगेच सोडून देतात. पाहायचं ते ‘कमिटेड’ या शब्दाखाली. तिथे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ११.२/१३.४ जीबी. पहिला म्हणजे चालू प्रोग्रामांना मिळून कबूल केलेली मेमरी. दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची ती फाइल यांची बेरीज. मशीनमध्ये रॅम आठ जीबी असेल आणि तुमच्या रोजच्या कामात पहिला आकडा सतत अकरा-बाराच्या घरात असेल, तर रॅम कमी पडत असण्याची दाट शक्यता आहे. सहा-सात असेल, तर संथपणाचं कारण दुसरीकडे शोधा.

खात्री करायची असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून मेमरीच्या पानावर दर सेकंदाचे ‘हार्ड फॉल्ट’ पाहा. नवा प्रोग्राम उघडताना हा आकडा उसळणारच, त्याकडे दुर्लक्ष करा. पण प्रोग्राम उघडून झालेत, तुम्ही फक्त एका खिडकीतून दुसरीत जाताय, तेवढ्यात मशीन अडखळतं आणि त्याच क्षणी हा आकडा शेकड्यांत जातो, असं वारंवार दिसलं तर शंकेला जागा उरत नाही. लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा देऊन ‘अव्हेलेबल’चा रकाना पाहावा. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो: हिरवा असेल तर ठीक, पिवळा-लाल राहत असेल तर कमतरता. ही मोजणी मशीन नुकतं चालू केल्यावर करून उपयोग नाही. दुपारी, सगळं काम ऐन भरात असताना करायची.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आणि प्रोसेसरही दिसतात, ते पाहायला पैसे पडत नाहीत. रॅम निम्मी मोकळी आणि डिस्क सतत शंभर टक्के, असं चित्र असेल तर दोष हार्ड डिस्कचा आहे. तिथे एसएसडी टाका, रॅमला हात लावू नका. दहा वर्षांमागच्या लॅपटॉपांमध्ये हे चित्र इतकं सर्रास दिसतं की, माझ्या मते, ज्या मशीनमध्ये अजून फिरती चकती आहे त्याच्या मालकाने रॅमचा विषयच काढू नये. पहिला खर्च एसएसडीचा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला असेल तर रॅम आणि एसएसडी दोन्हींचा उपयोग नाही. आणि एप्रिल-मेच्या हैदराबादेत आणखी एक कारण असतं: पंख्यात साचलेली धूळ. मशीन तापलं की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. आत साफसफाई करून थर्मल पेस्ट बदलून घेतली की ‘रॅम कमी पडलेले’ काही लॅपटॉप बरे झालेले पाहिले आहेत.

आता मोजल्यानंतर किती रॅम पुरेशी, हा प्रश्न. याला कामापासून वेगळं उत्तर नाही, तरी टप्पे पाडता येतात.

चार जीबीवर फार विचार करण्यासारखं काही नाही. विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टने किमान मर्यादा चार जीबीचीच ठेवली आहे, पण चालणं आणि काम करता येणं यांत फरक आहे. विंडोज, अँटिव्हायरस आणि ब्राउझरच्या चार टॅब एवढ्यात चार जीबी संपतात. मशीन बाकी चांगलं असेल तर आठ करून घ्यावी.

खरा पेच आठ जीबीवाल्यांचा आहे, आणि अमीरपेटमधली बहुतेक मुलं याच पायरीवर असतात. वर्ड, एक्सेल, टॅली, ब्राउझर, झूमवरचा क्लास, एवढंच काम असेल आणि एसएसडी असेल तर आठ जीबी पुरते. हे ठामपणे सांगतो, कारण टॅली शिकणाऱ्या मुलाला सोळा जीबी घ्यायला लावणारे सल्लागार शहरात कमी नाहीत. पण जावा शिकणाऱ्याचा दिवस पाहा. एका बाजूला इंटेलिजे किंवा एक्लिप्स, त्यात स्प्रिंग बूटचा प्रोजेक्ट चालू, खाली मायएसक्यूएल, शेजारी क्रोमच्या पंधरा टॅब आणि त्यातल्या एकीवर व्हिडिओ. जावाचं यंत्र, वेगळं काही सांगितलं नाही तर, एकूण रॅमच्या पावपट जागेपर्यंत वाढायला मोकळं असतं, आणि अशी जावाची दोन-तीन यंत्रं एकदम चालू असतात. अँड्रॉइड स्टुडिओसोबत एम्युलेटर लावला तर आठ जीबी जेमतेमही राहत नाही.

तरी इथेही खर्चाआधी करण्याजोग्या गोष्टी आहेत. डॉकर किंवा विंडोजमधलं लिनक्स वापरणाऱ्यांना अनेकदा कल्पना नसते की डब्ल्यूएसएल-२ मूळ मांडणीत एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं. एका छोट्या सेटिंग फाइलमध्ये त्याला दोन-तीन जीबीची मर्यादा घालता येते. क्रोमचा मेमरी सेव्हर चालू करावा, न लागणाऱ्या टॅब तो झोपवतो. मशीन सुरू होतानाच आपोआप उठणारे प्रोग्राम बंद करावेत. एवढं करून कमिटेडचा आकडा पुन्हा पाहावा. मात्र ‘रॅम क्लीनर’ किंवा ‘रॅम बूस्टर’ नावाचं काहीही उतरवून घेऊ नये. असे प्रोग्राम उपयोगात असलेला डेटा जबरदस्तीने बाहेर ढकलतात, आकडा कमी दिसतो आणि मशीन आणखी मंदावतं. मोबाइलवर जाहिरात होणारी ‘व्हर्च्युअल रॅम’ही डिस्कचीच जागा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

डेटा सायन्सवाल्यांसाठी एक चांगला ठोकताळा आहे. पांडाज ही लायब्ररी ज्यांनी लिहिली त्या वेस मॅकिनी यांनीच सांगून ठेवलंय की डेटाच्या आकाराच्या पाच ते दहापट रॅम हाताशी असावी. म्हणजे एक जीबीची फाइल हाताळायची तर आठ जीबीच्या मशीनवर ओढाताण होणार. पण शिकताना एक जीबीची फाइल रोज लागत नाही. लागेल त्या दिवशी गुगल कोलॅबवर सुमारे १२ जीबी रॅमचं मशीन फुकट मिळतं. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेतच आपल्या क्लाउडची डेटा सेंटरं सुरू केली. तिथे मोठ्या रॅमचं मशीन तासाच्या भाड्याने घेता येतं. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी पट्टी विकत घेणं मला पटत नाही. रोज लागत असेल तर भाडं देत बसणंही पटत नाही.

नवीन मशीन घेणाऱ्याने आता सोळाच घ्यावी. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस नावाने जे लॅपटॉप आणले त्यांना किमान सोळा जीबीची अट घातली; त्याच वर्षी ऑक्टोबरात अॅपलने मॅकबुक एअरची सुरुवातीची रॅम आठवरून सोळा केली. सोळावरून बत्तीसकडे जाणाऱ्यांची कामं मोजकी आहेत: व्हिडिओ एडिटिंग, एकाच वेळी चालणारी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन्स, सॅपचं एबॅप शिकण्यासाठीचं घरगुती सर्व्हर, आणि अलीकडे स्वतःच्या मशीनवर चालवायची भाषा-मॉडेल्स. या शेवटच्याचा हिशोब सोपा आहे. सातशे कोटी पॅरामीटरचं मॉडेल प्रत्येकी सोळा बिटांत ठेवलं तर चौदा जीबी लागते, चार बिटांत आवळलं तर साडेतीन-चार. ज्याला बत्तीस जीबी खरोखर लागते त्याला ती कशासाठी लागते हे तोंडपाठ असतं. ज्याला सांगता येत नाही, त्याला ती लागत नाही.

उलट्या बाजूचं एक उदाहरण मराठी माणसांच्या जवळचं आहे. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, गणपतीच्या पावत्या छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत, मग ती काचीगुड्याची असोत की नांदेडच्या वजिराबादची, श्रीलिपी आणि पेजमेकरवर अजून काम चालतं. पेजमेकर हा बत्तीस बिटांचा जुना प्रोग्राम आहे. एकटा तो दोन जीबीपलीकडची मेमरी वापरूच शकत नाही. विंडोजच बत्तीस बिटांची असेल तर सगळ्या मशीनला मिळून चार जीबीही पूर्ण दिसत नाही. अशा मशीनमध्ये सोळा जीबी भरून पानं वेगाने लागणार नाहीत.

निर्णय ‘हो’ असा झाला तरी मशीन ‘हो’ म्हणतंय का, हे पाहावं लागतं. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. मॅकबुक एअरमध्ये तर पहिल्यापासून. तिथे वाढवण्याचा विषय खरेदीच्या दिवशीच संपतो. बऱ्याच लॅपटॉपांत काही रॅम बोर्डावर आणि एक मोकळा स्लॉट अशी मांडणी असते. टास्क मॅनेजरमधली ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ यातलं बरंच सांगते, पण ती बोर्डावरच्या चिपांनाही स्लॉट म्हणून मोजते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून मॅन्युअल पाहणं उत्तम. तिथेच जास्तीत जास्त किती रॅम चालते हेही कळतं.

मग पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि मधली खाच वेगवेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही, त्यामुळे तिथे फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती डीडीआर३ मध्ये. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर, दोन्हींची खाच तीच. पाचव्या-सहाव्या पिढीच्या इंटेलच्या लॅपटॉपांना ‘एल’वालीच लागते. दीड व्होल्टची पट्टी व्यवस्थित बसते आणि मशीन चालू होत नाही. जुना लॅपटॉप असेल तर पट्टीवरच्या लेबलवर हे एक अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.

एक पट्टी की दोन, यालाही अर्थ आहे. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवू शकते, दोन असतील तर ५१.२. ज्या लॅपटॉपांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतं, आणि म्हणून त्यांना दुसऱ्या पट्टीचा फायदा डोळ्यांना जाणवतो. वर हा वाटा एकूण रॅममधून वजा होतो. रायझनच्या काही लॅपटॉपांत आठपैकी सहाच जीबी वापरायला उरतात, हे टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ समोर दिसतं. वेगाच्या आकड्यामागे मात्र फार धावू नये. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, आणि प्रोसेसर २४०० पर्यंतच झेपवणारा असेल तर ३२०० ची पट्टीही २४०० नेच चालणार.

आता सीटीसीच्या काउंटरवर. “क्या होना?” असा दक्खनी प्रश्न येतो. तुम्ही रॅम म्हटलंत की पुढचा प्रश्न काय येतो याकडे लक्ष द्या. जाणता दुकानदार मॉडेल विचारतो किंवा लॅपटॉपच मागून घेतो. बजेट आधी विचारणाऱ्याकडून मी खरेदी करणार नाही. बसवण्याचं काम दहा मिनिटांचं आहे, पण ते पाहण्यासारखं असतं. मागचे स्क्रू काढून एका कागदावर ओळीने ठेवले जातात, कारण त्यांची लांबी सारखी नसते. प्लास्टिकच्या पात्याने झाकणाची कड सैल होते. मग चांगला कारागीर आधी बॅटरीची जोडणी सोडवतो; हे न करता पट्टीला हात लावणाऱ्याला थांबवावं. स्लॉटच्या दोन्ही कडांचे लहान चिमटे बाहेर सरकवले की जुनी पट्टी आपोआप तिरकी उठते. नवी तशीच तिरकी आत सरकवायची, सोनेरी कड दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही चिमटे ‘टक्’ करून बसतात. जुन्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर काळपटपणा असेल तर खोडरबर फिरवला जातो. हा उपाय साधा आहे आणि खरोखर चालतो. रॅम ‘खराब’ म्हणून आलेल्या काही मशीनांचा आजार तेवढाच असतो. डीडीआर५ च्या मशीनमध्ये पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, कारण मशीन नव्या पट्टीशी वेळ जुळवून घेत असतं. घाबरून मध्येच बंद करू नये.

तिथून निघण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. सीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम पट्टीच्या आतल्या चिपमध्ये नोंदवलेली कंपनी, आकार आणि वेग दाखवतो. ही माहिती लेबलशी जुळली पाहिजे, कारण जुन्या मशीनमधून काढून नवं लेबल लावलेल्या पट्ट्या सगळ्याच बाजारांत फिरतात. आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्यावं. कर वाचवायला म्हणून बिल न घेणारा ग्राहक वॉरंटी सोडून देतो, आणि बऱ्याच नामांकित कंपन्या रॅमवर आयुष्यभराची वॉरंटी देतात. रात्री हॉस्टेलवर जाऊन मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एकही चूक दिसली तरी पट्टी परत करावी, “चालतंय ना” म्हणून ठेवून घेऊ नये. सदोष रॅम फायली गुपचूप बिघडवते.

भावाबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण रॅमचा भाव भाजीसारखा हलतो. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, त्यामुळे कुठेही काही घडलं की धक्का सिकंदराबादच्या काउंटरपर्यंत येतो. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणाऱ्या राळेचा मोठा हिस्सा तिथून येत असे, आणि रॅमचे भाव भडकले. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वुशी इथल्या हायनिक्सच्या कारखान्यात आग लागली, तेव्हाही तेच. माणसांनी केलेली टंचाईही होती: भाव संगनमताने ठरवल्याबद्दल सॅमसंगला २००५ मध्ये अमेरिकेत ३० कोटी डॉलरचा दंड झाला, हायनिक्सला साडेअठरा कोटींचा.

२०२३ च्या मंदीत आठ जीबीची डीडीआर४ पट्टी दोन हजारांच्या आत मिळत होती. तेव्हा “घेऊन टाक, लागेल कधीतरी” हा सल्ला चुकीचा नव्हता. २०२५ च्या अखेरीस परिस्थिती उलटली. एआयच्या सर्व्हरांना लागणारी एचबीएम नावाची थरांची मेमरी कारखान्यांना जास्त फायद्याची ठरली, आणि मायक्रॉनच्याच हिशोबाने तेवढ्याच बिटांसाठी ती डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते. डीडीआर४ चं उत्पादन कंपन्या आवरतं घेऊ लागल्या होत्या. घरगुती रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने २०१९ मध्ये हैदराबादेत विकास केंद्र उघडलं, २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला चिपांची जुळणी आणि चाचणी करणाऱ्या कारखान्याचं बांधकाम सुरू केलं. आणि याच कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकणं ती बंद करणार आहे. ज्यांच्या लॅपटॉपांत वर्षानुवर्षं क्रुशियलच बसवली गेली, त्यांच्यासाठी ही साधी बातमी नाही. मेमरी मुबलक असण्याचा काळ गृहीत धरून दिलेले सगळे जुने सल्ले आता तपासून घ्यावे लागतील, आणि चढ्या भावात मोजणीचं मोल वाढतं.

राहिला विंडोज १० चा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची दिली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपात रॅम घालताना विचारलं पाहिजे की या मशीनवर पुढे चालणार काय? उत्तर ‘विंडोजच हवी’ असेल तर तो खर्च करू नका, साठवा. पण लिनक्स चालणार असेल, तर तेच मशीन आठ जीबी आणि एसएसडीवर आणखी काही वर्षं अभ्यासाला उत्तम साथ देतं. हैदराबादेत स्वेच्छा ही संस्था मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करते, तेलुगूतून लिनक्स देण्याचं मोठं काम तिने केलं आहे. जावा, पायथन, डेटाबेस, डॉकर हे सगळं लिनक्सवर विंडोजपेक्षा कमी रॅममध्ये चालतं, आणि नोकरीत पुढे लिनक्सच समोर येतं. अमीरपेटमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं. क्लासवाले ती सुचवत नाहीत, कारण त्यांच्या नोट्सवरची चित्रं विंडोजची असतात.

तेव्हा निकाल असा. फिरती डिस्क असेल तर आधी एसएसडी. चार जीबी असेल आणि मशीन विंडोज ११ किंवा लिनक्स चालवणार असेल तर आठ. आठ असेल तर आठवडाभर कामाच्या वेळी कमिटेडचा आकडा लिहून ठेवा. तो रोज दहाच्या वर गेला तरच सोळा. सोळाच्या पुढे स्वतःला कारण सांगता आलं तरच. आणि नवी पट्टी बसली की जुनी दुकानदाराच्या काउंटरवर सोडून येऊ नका. चार जीबीची चालू डीडीआर४ पट्टी हॉस्टेलात शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी मोकळ्या स्लॉटमध्ये आजही उपयोगाची आहे. ती त्याला द्या, आणि बसवूनही द्या.